टॉर्चच्या उजेडात

राजारामपुरीतल्या त्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. माझा स्क्रीन एकाएकी काळा पडला होता. आतला पंखा फिरत होता, पण दिसत काहीच नव्हतं. तो मात्र लॅपटॉपबद्दल काही विचारेना. "आत काय हाय?" एवढंच खणखणीत आवाजात.

"वडिलांचे फोटो. गेल्या महिन्यात वारले. दुसरीकडं कुठं ठेवलेले नाहीत."

त्यावर हळहळ वगैरे नाही. "शटर वढा की!" तो ओरडला. बाकावरच्या गिऱ्हाइकांना सवय असावी. एकानं शटर ओढलं, दुसऱ्यानं ट्यूब घालवली. भर दुपारी अंधार. त्यानं टॉर्च स्क्रीनजवळ तिरकी धरली आणि परक्याच्या खिडकीतून बघावं तसा आत डोकावला.

"पावणं, चित्र कुठं गेलेलं न्हाई. त्याच्या मागचा दिवा तेवढा गेलाय. बघा की."

टॉर्च त्यानं माझ्या हातात दिली. डेस्कटॉपवर लावलेला फोटो सावलीसारखा दिसला. पन्हाळ्याच्या वाऱ्यात टोपी धरून उभे असलेले वडील. मी टॉर्च त्यांच्यावरून फिरवत राहिलो.

बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं.

"थांबा जरा," तो म्हणाला. पहिल्यांदाच हळू आवाजात.