समोरची खुर्ची

डॉक्टरांनी माझं बाहेरचं खाणं बंद केलं, तशी आमची रविवारची हॉटेलची फेरी थांबली. आज रविवार. मी टेबलाशी एकटाच जेवतोय आणि बायको गॅसपाशी उभी राहून पोळ्या लाटतेय. मला दिसते ती फक्त तिची पाठ आणि घामाने मानेला चिकटलेले पांढरे केस. हॉटेलात ती समोर बसायची, डोसा मोडता मोडता बहिणीचं, शेजारणीचं काहीबाही सांगत राहायची. मला वाटायचं, आपण डोशासाठी जातो. घरच्या गरम जेवणासाठी कुणीतरी एकाने उभंच राहायचं असतं.

"आज बरोबर बसू या की," मी म्हणालो.

"मग गरम पोळी कोण वाढणार?" ती न वळताच म्हणाली.

ती ताट घेऊन समोर बसली, तेव्हा मी हात धुऊन बातम्या लावल्या होत्या.