नवसात सुट्टी नव्हती

टाच इतकी दुखायची की सकाळी पलंगावरून उतरताना मी भिंत धरायचे, आणि तरीसुद्धा बुटाच्या नाड्या बांधायचे. या वयात पळायचं खूळ कुठून आलं म्हणाल, तर आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या बायकांनी महिन्याभरात शंभर किलोमीटर पळायचं ठरवलं होतं. माझं पळणं कसलं, आपली दुडकी चाल. मधे विश्रांतीचे दिवस घ्या, असं त्यांनीच सांगितलेलं. पण घाटकोपरला माझी लेक सातव्या महिन्यात अंथरुणावर पडून होती. आधीचं बाळ आम्ही गमावलेलं, म्हणून या वेळी डॉक्टरांनी उठायचंच नाही असं बजावलं होतं. मी काय केलं, कॉलनीतल्या विठ्ठलाच्या देवळात जाऊन बोलून बसले, ‘हे पळणं मी अखंड करीन, एक दिवस खाडा करणार नाही, तू तेवढं बाळ सांभाळ.’ झालं. बायकांच्या नियमात सुट्टी होती, माझ्या नवसात नव्हती.

लेक फोनवर चिडायची. “मला कूस बदलायची चोरी, आणि तू लंगडत पळतेस? तुझा पाय मोडला तर माझं बाळंतपण कोण करणार, तुझा जावई?” मी हसण्यावारी न्यायचे, पण मनात एकच यायचं. मी इथे एक दिवस चुकले आणि तिकडे काही झालं तर? भक्ती कसली, नुसती भीती होती ती. पण तेव्हा ते कळत नव्हतं.

त्याच दिवसांत देवळात सप्ताह बसला. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. कोणीतरी ती गळ्यात घेऊन रात्रंदिवस उभं असतं आणि नाम चालू असतं. त्या सकाळी तासाभराचा पहारा माझा होता. म्हटलं, आधी हे उरकू, मग पळू. अर्ध्यातच टाचेतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. दर्शनाला आलेली एक बाई, खांद्याला पर्स, ऑफिसला निघालेली असावी, माझ्याकडे बघत थांबली. पर्स खाली ठेवून पुढे आली.

“काकू, वीणा द्या. बसा तुम्ही.”

“नको गो, माझा पहारा संपला नाही अजून. अखंड असतं ना हे.”

“वीणा अखंड आहे, काकू. तुम्ही कुठे अखंड आहात?”

तिने वाकून माझ्या पायांना हात लावला, मी तिच्या, आणि वीणा तिच्या गळ्यात गेली. नाम क्षणभरही थांबलं नाही. मी खांबाला टेकून बसले आणि ऐकत राहिले. इतकी वर्षं सप्ताहाला येते, पण अखंड म्हणजे एकट्याने ओढणं नव्हे, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

त्या दिवशी मी पळाले नाही. घरी येऊन मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडले, पलंगावर आडवी झाले आणि म्हटलं, ‘विठ्ठला, आजचा पहारा तुझा.’ अशी झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती. दुपारी फोन वाजला तेव्हा मात्र धडपडत उठले. लेकच होती.

“पळालीस?”

“नाही गो. झोपले होते.”

“देव पावला. आणि ऐक, हे बाळ सकाळपासून नुसत्या लाथा मारतंय.”

“माझ्या वाटणीचं तेच पळत असेल,” मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो, आणि मग मी थोडी रडलेसुद्धा.

टाच बरी झाल्यावर उरलेलं अंतर मी बायकांबरोबर सावकाश पूर्ण केलं, मधे बिनदिक्कत सुट्ट्या घेत. दिवस भरल्यावर नात झाली, दोघी सुखरूप. त्या बाईबद्दल देवळात विचारलं, कोणालाच ती माहीत नव्हती. कोण होती, मी काही म्हणत नाही. रोज हात मात्र जोडते.

नात आता चांगली जड झालीय. कडेवर घेऊन माझे हात भरून येतात, तेव्हा लेक म्हणते, “आई, दे इकडे.” पूर्वी मी म्हटलं असतं, राहू दे गो. आता देते.