शेततळ्यातला वर्ग

निवृत्त होऊन आष्टीला राहायला आले तेव्हा माझ्या डोक्यात सगळं पक्कं होतं. नोकरीची सगळी वर्षं नवीन जालन्यातल्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवण्यात गेली. इथं सासरी सणावाराला यायचे तेव्हा शाळा अर्ध्यात सुटलेल्या लेकीसुना दिसायच्या. त्यांना एकत्र बसवायचं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी करून घ्यायची, असा बेत होता. समाजमंदिराची खोली मिळाली. फळा टेम्पोत घालून आणला. वेळापत्रक ठळक अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवलं.

पहिल्याच दुपारी त्या वेळापत्रकाची वाट लागली.

विहाराशेजारच्या वस्तीतली एक ताई आली होती, अंगणवाडीत मदतनीस आहे. तिनं टेकता टेकता विचारलं, "मॅडम, काय शिकायचं ते आम्ही ठरवायचं का तुम्ही?"

"अभ्यासक्रम ठरलेलाच असतो," मी म्हणाले.

"कोणाला इचारून ठरला?"

बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती माझी धाकटी जाऊ. माझ्याच घरातली. तिला मी खास आग्रह करून आणलं होतं, आणि तीच म्हणते कशी, "बराबर हाय. आपल्याला गरज कशाची, ते आधी बोलू. मंग फळा."

मग बोलणं सुरू झालं ते संपेचना. एकीला मोबाइलवर सातबारा बघायला शिकायचं होतं, दुसरीला बीपीचं मशिन वापरायला. एकजण म्हणाली, मला फक्त मोठ्यानं बोलायला शिकायचंय, ग्रामसभेत आवाज फुटत न्हाई. मी खडू हातात धरून उभी. शेवटी त्यांनी आपसांत ठरवून टाकलं की इथं कोणी मास्तर नाही. ज्याला जे येतं ते त्यानं दाखवायचं, आणि पुढं काय शिकायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मला कोणी विचारलंही नाही. घरी येऊन मी नवऱ्यावर ओरडले. त्यांचा काही संबंध नव्हता.

असं रडतखडत चाललेलं असताना जावेची सून शेततळ्यात पडली.

आमच्याकडं मोसंबीसाठी घरोघर शेततळी झालीत. खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. उतरता येतं, वर येता येत नाही. काचेवरून घसरावा तसा पाय घसरतो. सून पाइपाला अडकलेला कचरा काढायला वाकली आणि गेली आत. मोटारीचा पाइप हाताला लागला म्हणून वाचली. शेजारच्या रानातल्या माणसानं आरडाओरडा ऐकून दोर टाकला. घरी आणली तेव्हा तिचे दात वाजत होते आणि जाऊ तिला धरून शिव्या देत होती, तिला नाही, तळ्याला.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात सूनच बोलली. एरवी माझ्यासमोर मान खाली घालणारी पोरगी.

"मोठ्या आत्याबाई, मला पव्हायला शिकायचंय."

"मला बी," मदतनीस ताई म्हणाली. आणि मग सगळ्याच.

मी म्हणाले, "अगं, फॉर्मची मुदत जवळ आली. पोहणं काय परीक्षेला येणारंय?"

"तळं परीक्षा घेतंय की," जाऊ म्हणाली. "तुमच्या बोर्डाच्या आधी."

मी खडू फळ्याखाली ठेवून दिला.

पुढचे दिवस मला आठवले की अजून कपाळावर आठी येते. माझ्या वर्गात, माझ्या फळ्यासमोर, बाया सतरंजीवर पालथ्या पडून हातपाय मारत होत्या. समोर मोबाइलवर व्हिडिओ, तोही कुठल्यातरी निळ्या तलावातला. एकीचा पाय दुसरीच्या डोक्याला. बाहेरून जाणारे येणारे खिडकीतून बघायचे. मी खिडक्या लावून घेतल्या, तर म्हणाल्या, गरम होऊन राह्यलं, उघडा.

घरातल्या पुरुषांनी आधी साफ नाही म्हणून सांगितलं. तेव्हा मात्र मी मध्ये पडले. माझा राग बायकांवर होता, पण त्यांना अडवणाऱ्यांवर जास्त होता. दीर म्हणाले, "वहिनी, लोकं काय म्हणतील?" मी म्हणाले, "परवा सून गेली असती तर लोक काय म्हणाले असते, ते आधी सांगा." दुपारची वेळ ठरली, आमच्याच तळ्याच्या बांधावर साड्यांचा आडोसा झाला.

जाऊ लहानपणी माहेरच्या विहिरीत पोहायची, म्हणून तिनं आपणहून पुढारीपण घेतलं. पण तिलाही सगळं आठवत नव्हतं. त्यामुळं पाण्यात उतरण्याआधी बाहेर यायचं कसं, यावरच त्यांचा वाद चालला. साधा दोर हातातून निसटायचा. गाठी मारल्या तर त्या फार लांब लांब झाल्या. शेवटी दोराला जुने टायर बांधले, एकाखाली एक, शिडीसारखे. ते बांधावरच्या खांबाला पक्के केले. मी म्हणाले, जरा विचारलं असतंत तर कोनाचा हिशोब करून दिला असता. "आता झालं की," म्हणाल्या.

तेलाचे रिकामे डबे कमरेला बांधून एकेक उतरायची. बांधावर मी. "काठ सोडू नका! एका वेळी दोघीच!" घसा बसला. शाळेत कधी एवढी ओरडले नव्हते.

डबे सोडायची वेळ आली तशी सून बुडायला लागली. घाबरून सगळा श्वास सोडून द्यायची, अंग ताठ करायची. टायर धरून वर आली आणि ठसकत ठसकत म्हणाली, "आत्याबाई, सासूबाई तरंगतात, मी का न्हाई? मी तर वजनानं कमी."

उभ्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पोरं व्याख्या पाठ करायची, दोन मार्क घ्यायची. मी बांधावर उकिडवी बसले आणि सांगितलं. वजनाचा प्रश्न नाही, तेवढ्या जागेतलं पाणी बाजूला सरतं त्याचा आहे. छाती हवेनं भरली की अंग तेवढंच जड राहतं आणि जागा जास्त व्यापतं. श्वास भरून धर, मान मागं टाक, कान पाण्यात जाऊ दे.

तिनं तसं केलं. तरंगली. आभाळाकडं बघत पडून राहिली आणि एकदम हसायला लागली, त्यात हवा सुटली, पुन्हा गटांगळी. पण कळलं होतं तिला. मला एवढा आनंद झाला की मी आणखी समजावायला घेतलं. घनता काढली, सूत्र काढलं. मदतनीस ताई पाण्यातून म्हणाली, "मॅडम, तेवढं पुरे. लागलं तर इचारू."

पुढं एके दिवशी जाऊ म्हणाली, "अक्का, उतरा. वरून बोलणं लई झालं." मी हजार कारणं सांगितली. शेवटी सुनेचा पंजाबी ड्रेस घालून, दोन डबे बांधून उतरले. पाणी मानेला लागलं आणि माझं सगळं विज्ञान कुठल्या कुठं गेलं. जाऊ ओरडत होती, "गुडघे वाकवू नका म्हणलं ना! एकदा सांगितलेलं कळत न्हाई का?" हेच वाक्य, ह्याच सुरात, मी किती पोरांना ऐकवलं असेल. तेव्हा मात्र मला तिचा फक्त राग आला. आजही मी उताणी तरंगते, पुढं सरकत नाही.

पाऊसकाळ लागेपर्यंत बऱ्याचजणी तळ्याच्या या काठावरून त्या काठाला जायला लागल्या. टायरांचे दोर त्यांनी आसपासच्या शेततळ्यांवरही लावले. मालक आधी कुरकुरले, मग आणखी मागायला आले. फॉर्म भरला तो एकट्या सुनेनं. विज्ञानात चांगली पास झाली, गणित राहिलं. मी चिडले तर म्हणाली, "गणिताची गरज पडली न्हाई अजून. पडली की बसते." असं कुठं असतं का? पण तिच्यापुढं माझं काही चालत नाही.

मागच्या महिन्यात पलीकडच्या तांड्यावरच्या बाया आल्या, आम्हालाही शिकवा म्हणून. मी उत्साहानं म्हणाले, सोमवारपासून या, दुपारी तीनला, दोन गट करू. माझं बोलणं संपायच्या आत जाऊनं त्यांना लिंबाखाली बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला कधी सवड हाय? काय काय शिकायचंय? आधी तुमचं तुम्ही ठरवा."

संध्याकाळपर्यंत त्यांचं ठरलं नाही. मी चारदा चहा केला.