तेलबुवांनी ब्रेक बसवला

आमच्या शेजारचे तेलबुवा म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करण्यात उभी हयात घालवलेला माणूस. नाव गल्लीनं ठेवलेलं. ते मात्र पदवीसारखं मिरवतात. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी लांब चोचीची तेलाची कुपी. जगातली कुठलीही कुरकुर एका थेंबानं थांबते, असा त्यांचा सिद्धांत. बिजागरी कुरकुरली, थेंब. पंखा कण्हला, थेंब. मी रंगभूमीवर होतो तेव्हा आमच्या पडद्याची कप्पीही त्यांनीच गप्प केली. इतकी, की तिसऱ्या अंकात पडदा आपणहून खाली आला आणि माझं मरण अर्ध्यावर राहिलं. वर मलाच विचारतात, "पण आवाज आला का?" चाळीस वर्षांत 'माझं चुकलं' हे दोन शब्द काही त्यांच्या तोंडून सुटले नाहीत. गंजले असावेत.

त्यांची सून नर्स आहे. डोंगरावरच्या वस्त्यांवर लस द्यायला ती उंच, दातेरी टायरांची मोटरसायकल घेऊन जाते. उतरताना रस्ता असा, की मुतखडाही जागचा हलावा. परवा पुढच्या ब्रेकचे पॅड झिजून पत्र्याला टेकले. ती नवे घेऊन आली आणि मेकॅनिककडे निघाली, तर तेलबुवा दारात आडवे.

"घरात कारागीर असताना बाहेर कशाला?"

"अहो, शिलाईची सुई आणि मोटरसायकलचा ब्रेक एकच का?" त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आतून म्हणाल्या.

"तत्त्व एकच. तू चहा टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चादर अंथरून प्रयोग सुरू झाला. प्रेक्षक मी एकटा, पायरीवर. खरं सांगायचं तर हात देखणा चालला. चाकाच्या डिस्कला दोन्हीकडून चिमटणारा तो जबडा त्यांनी खोलला, जुने पॅड काढले, आतले पिस्टन सावकाश मागे दाबले. नवे पॅड बसवून पिन आरपार घातली, पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक क्लिप अडकवली, आणि ती अडकली की नाही हे नखानं तीनदा ओढून पाहिलं. मग हँडलवरचा ब्रेक घट्ट लागेपर्यंत दाबत राहिले. इथं पडदा पडला असता तर मी उभं राहून मानवंदना दिली असती.

पण चाक फिरवलं आणि पॅड किंचित चिरकले. तेलबुवांचा चेहरा असा झाला, जणू भर मैफलीत कुणी शिंकलं. खिशातून कुपी निघाली. दोन्हीकडे एकेक थेंब. चाक पुन्हा फिरलं, मुकाट.

"बघा!" ते म्हणाले. मीही, मूर्ख, टाळी दिली.

सूनबाई गणवेशात आली, लसींचा डबा मागे बांधला आणि गल्लीच्या उतारावर एक फेरी मारायला निघाली. कोपऱ्यावर तिनं हातानं ब्रेक दाबला. गाडी आपल्याच तंद्रीत पुढे. शेवटी पायाचा ब्रेक लावून ती भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली.

परत आली. "बाबा, पकडत नाहीये. पॅडना काही लागलंय का?"

"काही नाही. नव्याला जरा वेळ लागतो."

"हो, नवे घासून बसावे लागतात," ती स्वतःशीच म्हणाली. "उतरताना बसतील. उशीर झालाय, निघते."

मला ते दोन थेंब आठवले. मी तेलबुवांकडे पाहिलं; ते चादरीच्या घड्या घालत होते, आधीच घातलेल्या घड्यांवर. वाक्य विसरलेल्या नटाचे डोळे मी लांबून ओळखतो. हे विसरलेले नव्हते. मी तोंड उघडलं तोच तिनं हेल्मेटचा पट्टा लावून किक मारली.

तेलबुवा धावत जाऊन पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून उभे राहिले.

"उतर. तेल टाकलंय मी."

"कशावर?"

"पॅडवर. चिरकत होते."

दारातल्या वहिनींनी कपाळाला हात लावला. "ब्रेकला तेल? उद्या विस्तवाला पाणी घालून म्हणाल, धूर कमी झाला!"

सूनबाईनं इंजिन बंद केलं. ओरडली नाही, ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तेल प्यायलेले पॅड आता कामाचे नाहीत, दुसरे आणावे लागतील आणि डिस्क स्पिरिटनं पुसावी लागेल, एवढं सांगून तिनं आरोग्य केंद्रावर फोन लावला आणि तो सासऱ्यांच्या हातात ठेवला.

"वस्तीवर लेकरं ताटकळणार आहेत. दुपारी का येतेय, तुम्हीच सांगा."

तेलबुवांनी फोन कानाला लावला, घसा खाकरला, माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली.

"हॅलो. सासरा बोलतोय तिचा," ते म्हणाले. "गाडी चांगली आहे. माझं चुकलं. तेल घातलं मी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तेलबुवांचे कान लाल झाले. "हो," ते म्हणाले, "ऐकू आलं तेच. ब्रेकला."