दमयंतीबाईंची चौकशी

दमयंती लासूरकर घाटी रुग्णालयातून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नोकरीला चौतीस वर्षं झाली होती. शेवटची बारा वर्षं त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. औरंगाबादेतले कितीतरी डॉक्टर शीर शोधायला त्यांच्याकडून शिकले. नवा इंटर्न सुई हातात घेऊन घाबरला की त्या त्याच्या बोटावर स्वतःचं बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "डोळ्यांनी नाही, बोटानं बघा." पुस्तक कितीही पाठ असो, माणूस पेशंटपाशी उभा राहूनच डॉक्टर होतो, हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

तरीही २००४ साली पोटच्या मुलाला, हिमांशूला, डॉक्टरकी शिकायला परदेशी पाठवताना त्यांनी पेशंटांचं तेवढंच विचारलं नाही. पाटबंधारे खात्यात कारकून असलेले त्यांचे यजमान केशवराव आदल्याच वर्षी गेले होते. हिमांशूचा इथला नंबर थोडक्यात हुकला होता. एका एजंटानं हॉटेलच्या हॉलमध्ये पालकांना बोलावलं आणि पडद्यावर बर्फातली पांढरीशुभ्र इमारत दाखवली. दमयंतीबाईंनी उठून दोन गोष्टी विचारल्या. शाकाहारी जेवण मिळतं का, आणि थंडीत खोल्या गरम असतात का. दोन्हीला 'हो' म्हणून उत्तर आलं, आणि ते खरंही निघालं.

सहा वर्षांनी हिमांशू पदवी घेऊन आला. पण बाहेरून शिकून आलेल्यांना इथं एक परीक्षा पास झाल्याशिवाय डॉक्टर म्हणून काम करता येत नाही. तीनशेपैकी दीडशे गुण लागतात. हिमांशू पाच वेळा बसला आणि पाचही वेळा दहा-पंधरा गुणांनी राहिला. मग त्यानं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि बीड बायपासवरच्या एका नव्या खाजगी दवाखान्यात मेडिक्लेमच्या काउंटरवर नोकरी धरली. त्याच्याजवळ डॉक्टरकीची पदवी आहे हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी तो कमी बोलायचा. त्या सहा वर्षांबद्दल तर मुळीच नाही. दमयंतीबाईंनीही विचारलं नाही. मायलेकांनी तो विषय जसा काही मोरीचा दरवाजा लोटून घ्यावा तसा लोटून घेतला होता.

त्यांच्या गारखेड्यातल्या घरात मागची खोली रिकामी होती. बारावीच्या क्लाससाठी फुलंब्रीहून आलेली सायली गाडेकर तिथं राहायला आली. तिचे वडील आप्पासाहेब शेती सांभाळून वाळूजच्या कंपनीत पाळी करायचे. सायली हुशार होती आणि कामाला मागं सरायची नाही. ते २०१६ साल, लागोपाठच्या दुष्काळाचं. नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी यायचं. टँकर आला की सायली पुस्तक पालथं घालून हंडे घेऊन पळायची. बायपासला मात्र एकामागून एक इमारती वर चढत होत्या, आणि त्यांच्या पाट्यांवर निळेशार पोहण्याचे तलाव रंगवलेले होते.

जूनमध्ये सायलीचा इथला नंबर लागणार नाही हे कळलं. आठवड्याभरात आप्पासाहेब उस्मानपुऱ्यातल्या एका एजंटाकडून रंगीत पुस्तिका घेऊन आले. मध्य आशियातल्या कुठल्याशा गावचं नवं मेडिकल कॉलेज होतं. शिकवणं सगळं इंग्रजीत. आप्पासाहेबांनी पुस्तिका चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि दमयंतीबाईंना म्हणाले, "ताई, तुमचं आयुष्य दवाखान्यात गेलं. एकदा नजर घाला. गावात लई लोकांना सांगून बसलोय."

पुस्तिकेतली इमारत पांढरीच होती. दमयंतीबाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी आप्पासाहेबांकडून चार दिवस मागून घेतले.

पहिल्या दिवशी त्या सायलीला घेऊन उस्मानपुऱ्याला गेल्या. कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का, पेशंट कुठली भाषा बोलतात, इथली परीक्षा तिथली किती मुलं पास झाली, असं त्यांनी एकेक विचारलं. रुग्णालयाशी करार आहे, असं एजंट म्हणाला. पहिली तुकडी अजून बाहेर पडायची आहे, त्यामुळं पास-नापासाचा प्रश्नच येत नाही. भाषेचं त्यानं हसण्यावारी नेलं. दमयंतीबाईंनी तिथं शिकणाऱ्या एखाद्या मुलाशी बोलणं करून द्यायला सांगितलं. त्यानं लगेच फोन जोडून दिला. पलीकडचा मुलगा लातूरकडचा होता, तिसऱ्या वर्षाला. तो मेसबद्दल बोलला, हॉस्टेलबद्दल बोलला. आतापर्यंत किती पेशंट तपासलेस, असं बाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, "वायफाय चांगलंय इथं, काकू."

कॉलेज होतं त्या गावच्या रुग्णालयात फोन लावून विचारलं तर, हे दमयंतीबाईंच्या मनात घरी येतानाच आलं होतं. पण तिथं इंग्रजी कोण बोलणार? हिमांशू शिकला तिथलीच भाषा तिकडंही चालायची; तो संध्याकाळी सहाला घरी यायचा, पण त्याला सांगायचा त्यांना धीर होत नव्हता. शेवटी रविवारी दुपारी सायलीनंच विचारलं. "दादा, तुम्हाला येते ना तिकडची भाषा?"

हिमांशूनं आईकडं पाहिलं. मग उठला, पुस्तिकेतलं गावाचं नाव वाचलं, मोबाइलवर रुग्णालयाचा नंबर शोधला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

पाच-सहा वेळा घंटी गेल्यावर एका बाईचा जाड आवाज आला. हिमांशू बोलायला लागला आणि दमयंतीबाई बघतच राहिल्या. मुलाच्या तोंडून ही भाषा त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. मराठीत चार शब्द बोलायला जड जाणारा त्यांचा मुलगा तिच्यात न अडखळता बोलत होता, मध्येच हसतसुद्धा होता. फोनवरची बाई तिथली वॉर्डातली नर्स निघाली. ते कळल्यावर दमयंतीबाई पुढं सरकल्या आणि म्हणाल्या, "तिला सांग, मीही वॉर्ड सिस्टरच होते. चौतीस वर्षं."

त्यानं सांगितलं, आणि पलीकडचा आवाज मऊ झाला. मग ती बाई आपणहून बोलू लागली, आणि हिमांशू तुकड्या-तुकड्यांनी मराठीत सांगत गेला. भारतातली मुलं येतात, दर गुरुवारी. तीस-चाळीस एकदम. वॉर्डाच्या दारात उभी राहतात. त्यांना इथली भाषा येत नाही, म्हणून पेशंट हात लावू देत नाहीत. तासाभरात परत जातात. पोरं गुणी आहेत. त्यांना पाहून वाईट वाटतं.

मग त्या बाईनं हिमांशूला काहीतरी विचारलं. त्यानं थोडक्यात सांगितलं. तिनं पुन्हा काहीतरी विचारलं, त्यात 'डॉक्टर' हा शब्द होता. या वेळी तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "न्येत."

हिमांशूच्या सगळ्या बोलण्यातला तेवढा एक शब्द, 'नाही', दमयंतीबाईंना दुभाष्याशिवाय कळला.

फोन ठेवल्यावर सायली समजूतदारपणे आत निघून गेली. दमयंतीबाई म्हणाल्या, "तुला पाठवताना मी जेवणाचं विचारलं. हे विचारायला पाहिजे होतं. मला कळत होतं, तरी नाही विचारलं."

"मला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं, आई," हिमांशू म्हणाला. "आम्हीपण दारातच उभे राहायचो. भाषा मी बाजारात शिकलो, उशिरा. तुला फोनवर सगळं छान चाललंय म्हणायचो."

"का?"

"तू वॉर्डात सगळ्यांना सांगितलं होतंस."

आप्पासाहेब चार दिवसांनी आले तेव्हा दमयंतीबाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मग ते जरा तुटकपणे म्हणाले, "एजंटानंबी तुमची चौकशी केलीया. म्हणतो, बाईच्या पोराला जमलं नाय, म्हणून ती दुसऱ्याच्या लेकरांला भिववती."

"जमलं नाही, हे खरंय," दमयंतीबाई म्हणाल्या. "तेव्हा मी विचारलं नव्हतं. म्हणून आता विचारते."

आप्पासाहेबांनी टेबलावरची पुस्तिका उलटी करून ठेवली. मग म्हणाले, "व्हय. पण पोरीला काय सांगू?"

पोरीनं स्वतःच 'जात नाही' म्हणून सांगितलं. त्या वर्षी ती गेली नाही. तिनं इथली प्रवेश परीक्षा पुन्हा दिली, त्यातही थोडक्यात राहिली. त्या वर्षभरात हिमांशूनं तिला रोज तासभर ती भाषा शिकवली, आणि तिघांनी मिळून आणखी पाच कॉलेजांची अशीच चौकशी केली. चार गळाली. पाचवं जुनं होतं, गजबजलेल्या रुग्णालयाला लागून. तिथून शिकून आलेली एक मुलगी घाटीतच इंटर्नशिप करत होती. दमयंतीबाई तिला जाऊन भेटल्या आणि तिला शीर शोधताना पाहूनच परतल्या. २०१७ च्या सप्टेंबरात सायली गेली.

सगळं विचारूनही सगळं हाती येत नाही. कोरोनात तिला दीड वर्ष फुलंब्रीच्या घरात मोबाइलवर डॉक्टरकी शिकावी लागली. पदवी घेऊन परत आल्यावर इथल्या परीक्षेत पहिल्या खेपेला ती नऊ गुणांनी राहिली, आणि त्या दिवशी दमयंतीबाईंना जेवण गेलं नाही. दुसऱ्या खेपेला पास झाली.

हिमांशूही मधे, २०१८ साली, माळ्यावरची पुस्तकं काढून एकदा पुन्हा बसला होता. दोन गुण कमी पडले. त्यानंतर तो बसला नाही. पण बाहेर जाणारी मुलं त्याच्याकडं भाषा शिकायला येऊ लागली होती. आधी तिघं, मग पंधरा. एका वर्षी त्यानं काउंटर सोडला.

दमयंतीबाई आता सत्तरीला टेकल्यात. पालक येतात, कुठलं कॉलेज चांगलं ते विचारतात. त्या नाव सांगत नाहीत. मुलाला समोर बसवून घेतात आणि तिथल्या वॉर्डात फोन लावायला लावतात. कुणी सहज विचारतं, तुमचा मुलगा काय करतो? पूर्वी त्या 'दवाखान्यात असतो' एवढंच म्हणायच्या. आता म्हणतात, "सहा वर्षं डॉक्टरकी शिकला. परीक्षा नाही निघाली. भाषा शिकवतो. आत आहे, भेटा त्याला."