कौसाबाईचा स्विफ्ट कोड

जुन्या जालन्यात बँकेसमोर टेबल टाकून मी वीस वर्षं लोकांचे फॉर्म भरले. शाळा चौथीपर्यंत; इंग्रजी शिकले औषधांच्या खोक्यांवरून, कुणाच्या उपकारानं नाही. अशा टेबलावर किस्से आपोआप साचतात. आज एकट्या कौसाबाईचे सांगते.

तिच्या लेकीचा, सुनीताचा नर्सिंगला नंबर लागला होता. शुक्रवारपर्यंत फी भरायची, नाहीतर जागा दुसरीला. पैसे पाठवणार होता तिचा थोरला दत्ता, मस्कतला वेल्डर. तो फोनवर म्हणाला, बँकेचा स्विफ्ट कोड पाठव. दुसऱ्या दिवशी बाई चिठ्ठी घेऊन हजर. चिठ्ठीवर एमएच एकवीस आणि पुढचे आकडे. अंबडच्या भाच्याच्या नव्या स्विफ्टचा नंबर!

"लई मिन्नतवारी करून आणला," म्हणाली.

*

तिला घेऊन बँकेत गेले. साहेब म्हणाले, आमच्या शाखेला वेगळा कोड नाही, मुंबईचाच चालतो. कौसाबाईनं विचारलं, मुंबईला गेलेले पैसे जालन्याला कोण आणणार? साहेबांनी समजावलं, खाते नंबर तुमचाच, पैसे तारेनं येतात.

"मंग लोडशेडिंग बघून पाठवाय सांगा त्याला."

*

सोमवारी एसटीडी बूथवर गेलो. कोड मी मराठी अक्षरांत मोठ्ठा लिहून दिला होता. पहिली चार अक्षरं बाईनं झकास वाचली. पाचवं आलं.

"आय."

"बोल ना आय," दत्ता म्हणाला.

"आय."

"हां आय, ऐकू राह्यलो."

"आरं मुडद्या, आय लिही."

शेवटी रिसीव्हर मी हिसकावला. दत्ता, इंग्रजीतली आय. मग एन. मग दोनदा बी. त्यानं वाचून दाखवलं, तेव्हा कुठे मी फोन ठेवला.

*

गुरुवारी पैसे आले, शुक्रवारी सकाळी सुनीताची फी भरली. कौसाबाई पेढे घेऊन टेबलाशी आली, सोबत दत्ताची बायको रेखा. बाईनं माझी चिठ्ठी सुनेपुढे नाचवली.

"बघ, बँकेनं बी मानलं. आधी आय, बीबी शेवटाला."

रेखा दहावी झालेली. तिनं चिठ्ठी हातात घेतली, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "बराबर हाय आत्या. आय, मंग एन म्हंजे नणंद, मंग बीबी. मुंबईवाल्यायला आपलं घर कुणी सांगितलं?"