पटावर कुणीच नाही

आमच्या विद्यापीठात एकाच मजल्यावर संख्याशास्त्र, मानसशास्त्र आणि अर्धमागधीचे वर्ग भरत. मी संख्याशास्त्र शिकवायचो. माझ्या वर्गात मुलांना बसायला जागा पुरत नसे. समोरच्या खोलीत शहा मॅडम एकाच विद्यार्थ्याला अर्धमागधी ही जुनी प्राकृत भाषा शिकवत. ते पोस्टातून निवृत्त झालेले साळुंखेकाका. तरी मॅडम भरल्या वर्गापुढे बोलावं तशा उभ्या राहून, खणखणीत आवाजात शिकवायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत काका गेले. सुट्टी संपली त्या दिवशी कार्यालयातले लिपिक पत्र घेऊन आले.

"मॅडम, पटावर आता कुणीच नाही. ही खोली संगणक विभागाला द्यायचीय."

मॅडमनी सही केली. मी दारातच उभा होतो. एखादा माणूस गेला तर आपण घरी भेटायला जातो, दोन शब्द बोलतो. एखादा विषय गेला तर कुणाकडे जायचं, मला कळेना.

"काकांची दोन पानं राहिली होती," त्या म्हणाल्या. "बसता का जरा?"

मी पहिल्या बाकावर बसलो. त्यांनी एकेक ओळ वाचली, अर्थ सांगितला, व्याकरण फळ्यावर लिहिलं. कितीतरी पिढ्यांनी तोंडपाठ करून जपलेली ती भाषा माझ्या कानांवरून नुसती वाहून गेली.

पुस्तक मिटून त्यांनी सवयीनं विचारलं, "काही शंका?"

शंका यायलाही आधी थोडं कळावं लागतं. त्या मात्र उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या.